मोरबीचा झुलता पूल : काल व जीर्णोद्धार

सौराष्ट्रांतील मोरबी येथें मच्छू नदीवर जो तारांचा झुलता पूल होता, त्याच्या बांधणीचे दोन सन सांगण्यांत येतात : इ. स. १८७९ व १८८७. पहिल्या मताप्रमाणें मुंबईचे गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल यांच्या हस्तें ता. २० फेब्रुवारी १८७९ रोजीं तो खुला झाला. टेंपल यांची त्या पदाची कारकीर्द १८७७ ते १८८० एवढीच. तेव्हां त्यांचें नांव ठेवावयाचें तर १८८७ सोडावा लागतो. दोन्ही एकत्र नांदत नाहींत. आमचा कल १८७९ कडे आहे. १८८७ मध्यें मागाहून कांहीं काम झालें असें कोणी म्हणेल, तर त्यास कागद दाखविला पाहिजे.

मोरबीचे ठाकोर वाघजी (कारकीर्द १८७०–१९२२) यांच्या अमदानींतील हा पूल दरबारगड व नजरबाग यांस जोडी. लांबी सुमारें २३० मीटर, रुंदी अवघी सव्वा मीटर. म्हणजे केवळ पायवाट.

इ. स. २००१ च्या भूकंपांत त्यास इजा पोहोंचली होती. २०२२ मध्यें सुमारें सात महिने बंद ठेवून त्याची डागडुजी झाली आणि कार्तिक शुद्ध प्रतिपदा, शके १९४४ (ता. २६ आक्टोबर २०२२), या गुजराती नववर्षदिनीं तो पुनः खुला झाला. ता. ३० रोजीं सायंकाळीं तो तुटला व १३५ माणसें प्राणांस मुकलीं.

या जीर्णोद्धारांत काय झालें, हें चौकशी पथकाच्या अहवालावरून कळतें. मुख्य दोर प्रत्येकीं सात तारांच्या सात पेडांचा, म्हणजे एकंदर ४९ तारांचा. तुटलेल्या दोराच्या २२ तारा गंजलेल्या होत्या व त्या आधींच तुटल्या असाव्या, असा पथकाचा निष्कर्ष आहे. दोर तेच राहिले; बदलली ती वाट. सुट्या लांकडी फळ्या काढून ॲल्युमिनियमचे ताठ तक्ते बसविले. दोरास लोंबणाऱ्या जुन्या सळयांना नव्या सळया वेल्डिंगनें जोडल्या. खुला करण्यापूर्वीं भाराची परीक्षाही घेतली नाहीं.

पोथ्या जतन करणारांस यांतील दोष समजावून सांगणें नको. कसर लागलेलीं पानें तशींच ठेवून वर नवा रेशमी रुमाल बांधणारा संग्राहक आपणांपैकीं अनेकांनीं पाहिला असेल. परंतु पोथी नासली तर एक ग्रंथ जातो. येथें नदीवर माणसें उभीं होतीं. म्हणून जुन्या पुलाच्या जीर्णोद्धारांत दोर, खुंट व सळया यांची तपासणी प्रथम आणि रंगरूप शेवटीं, असाच क्रम असला पाहिजे. जुनी वस्तु जशीच्या तशी राखावी, हा आमचा नेहमींचा आग्रह. पण भार वाहणाऱ्या गंजक्या तारेस तो लागू करूं नये. तिचा तुकडा संग्रहालयांत ठेवावा व जागीं नवी तार घालावी.

मोरबी संस्थानच्या किंवा काठेवाड एजन्सीच्या दप्तरांतील या पुलाचे आराखडे, दोरांच्या खरेदीचे हिशेब अथवा दुरुस्तीच्या नोंदी ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं त्या मूळ अक्षरांसह प्रसिद्ध कराव्या.