जिल्हाबंदी, ई-पास आणि करमाड : २०२० मध्ये माणसं वाटेत का अडकली? वाचा सविस्तर माहिती

छत्रपती संभाजीनगर : कोरोनाच्या काळात घर असून घरी जाता आलं नाही, अशी माणसं आपल्या जिल्ह्याने पाहिली. जिल्ह्याचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. बंदी कधी लागली, परवानगी कशी मिळायची आणि उशीर कुठे व्हायचा, हे आता बरेच जण विसरले. म्हणून ही माहिती एका ठिकाणी देत आहोत.

बंदी कशी लागली?
२२ मार्च २०२० ला जनता कर्फ्यू झाला. दुसऱ्याच दिवशी, २३ मार्चला, राज्य सरकारने संचारबंदी लावून जिल्ह्यांच्या सीमा बंद केल्या. २५ मार्चपासून देशभर लॉकडाऊन लागला. तो आधी १४ एप्रिलपर्यंत, मग ३ मे, १७ मे आणि ३१ मे असा वाढत गेला. एसटी बंद, प्रवासी रेल्वे बंद. जो जिथे होता तो तिथेच राहिला.

ऊसतोड कामगारांचं काय झालं?
मराठवाड्यातले ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर अडकले. गाळप संपलं, काम संपलं, पण बैलं-लेकरांसह कोपीतच राहावं लागलं. गावाकडे म्हातारे आईबाप वाट बघत होते. १७ एप्रिल २०२० ला सरकारने त्यांना गावी परतायला मुभा दिली. तेव्हा ३८ कारखान्यांच्या भागात सुमारे १ लाख ३१ हजार कामगार असल्याचं सांगण्यात आलं. म्हणजे देश बंद झाल्यापासून तीन आठवडे उलटल्यावर त्यांची वाट मोकळी झाली. तीही आरोग्य तपासणीच्या अटीवर.

परराज्यातल्या मजुरांना परवानगी कशी होती?
केंद्राच्या गृह मंत्रालयाने २९ एप्रिलला अडकलेले मजूर, विद्यार्थी, यात्रेकरू यांना जायची परवानगी दिली. १ मेपासून श्रमिक रेल्वेही सुरू झाल्या. पण आदेशातच एक मेख होती. पाठवणारं राज्य आणि घेणारं राज्य, दोघांनीही हो म्हटल्याशिवाय माणूस हलू शकत नव्हता. आधी नाव नोंदवायचं, मग तपासणी, मग यादी आणि मग गाडीची वाट बघायची.

राज्यातल्या राज्यात जायला पोलिसांच्या संकेतस्थळावर ई-पासचा अर्ज करावा लागे. त्यात नाव, गाडी नंबर, कुठून कुठे, कारण आणि सोबत किती माणसं हे सगळं भरायचं. सुरुवातीला डॉक्टरचा दाखलाही लागत होता. शहरात पोलीस आयुक्त आणि ग्रामीण भागात पोलीस अधीक्षक कार्यालयाकडून मंजुरी यायची. ज्याच्याकडे साधा फोन, खिशात पैसे नाहीत आणि मराठी वाचता येत नाही, त्याने हे कसं करायचं?

करमाडला काय घडलं?
जालन्याच्या स्टील कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातले २० मजूर ७ मेच्या संध्याकाळी पायी निघाले. बहुतेक जण उमरिया आणि शहडोल जिल्ह्यांतले होते. पाससाठी आठवडाभर आधी अर्ज केला होता पण उत्तर आलं नाही, असं वाचलेल्यांनी सांगितलं. रस्त्यावर पोलीस अडवतील म्हणून त्यांनी रेल्वेरुळाची वाट धरली.

चाळीसेक किलोमीटर चालून ते बदनापूर-करमाड दरम्यान थकून रुळावरच बसले आणि तिथेच झोप लागली. रेल्वे बंद आहे, असा त्यांचा समज होता. पण बंद होत्या त्या प्रवासी गाड्या, मालगाड्या चालूच होत्या. ८ मेच्या पहाटे सव्वापाचच्या सुमारास रिकाम्या टाक्यांची मालगाडी आली. चालकाने गाडी थांबवायचा प्रयत्न केला, पण उपयोग झाला नाही. १६ जण गेले, चौघे वाचले. रुळावर पडलेल्या भाकरी-पोळ्यांचे फोटो सगळ्या देशाने पाहिले.

महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश, दोन्ही सरकारांनी मृतांच्या वारसांना प्रत्येकी ५ लाख रुपये जाहीर केले. घरी नेणारी गाडी मात्र त्यांना जिवंतपणी मिळाली नाही.

पुढे काय बदललं?
२६ मे २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने मजुरांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. २८ मेला मजुरांकडून भाडं घेऊ नये असा आदेश दिला आणि ९ जूनला उरलेल्यांना १५ दिवसांत घरी पोचवायला सांगितलं. श्रमिक रेल्वेने एकूण ६३ लाखांहून जास्त लोक गेले. राज्यातला ई-पास सप्टेंबर २०२० च्या सुरुवातीला बंद झाला. दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, तो पुन्हा लागू झाला.

गावाने काय लक्षात ठेवावं?
▪ कामाला बाहेरगावी जाणाऱ्यांची यादी ग्रामपंचायतीत असावी. कोण, कुठे, कोणत्या मुकादमाकडे आणि फोन नंबर काय, हे त्यात लिहावं.
▪ असंघटित कामगारांनी ई-श्रम कार्ड काढून घ्यावं. ही नोंदणी २६ ऑगस्ट २०२१ पासून सुरू आहे.
▪ रेशन कार्ड आधारला जोडलेलं असेल तर परगावी, परराज्यातही धान्य मिळतं.
▪ आपल्या शिवारात परप्रांतीय मजूर असतील तर त्यांचा अर्ज भरून द्यायला गावातल्या एखाद्या शिकलेल्या पोराने पुढे व्हावं.

आजार कोणाला चुकत नाही, बंदीही कधी लावावी लागते. पण सीमा एका रात्रीत बंद होते आणि परवानगीला आठवडे लागतात, तेव्हा मधल्या दिवसांत माणूस कुठे राहील, काय खाईल, याची सोय बंदीच्या आदेशातच असली पाहिजे.