असदखानाने घेतलेला घोडा आणि स्टँडवरचा सायकलवाला

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण विषय आपल्या जुन्नरचा आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

मागच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी फोन आला. "भाऊ, स्टँडजवळ एक फॉरेनर सायकल घेऊन भिजत उभाय. त्याला कोणी रूम देईना. तुम्ही पत्रकार, बघा काहीतरी." गेलो. पंचविशीतला पोरगा, सायकलीला चार पिशव्या, गुडघ्यापर्यंत चिखल. तीन लॉजवाल्यांनी नाही म्हटलं होतं. त्याच्याकडे पैसे नव्हते अशातला भाग नाही. परदेशी माणूस ठेवला की फॉर्म भरावा लागतो, चोवीस तासांत त्याची माहिती ऑनलाइन द्यावी लागते, आणि ती झंझट कोणालाच नको होती. एका मॅनेजरने मला बाजूला घेऊन सांगितलं, "माणूस वाईट दिसत नाही हो, पण नकोच." पोरगा म्हणाला, मग गावाबाहेर शेताच्या कडेला तंबू ठोकतो. मी म्हटलं, बाबा रे, इथे उसात बिबट्या असतो.

तोवर गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याचा फोटो पडलाही होता. खाली लिहिलेलं, 'हा कोण? लक्ष ठेवा.'

त्या पोराचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. आधी त्याच्यासारख्याच एका परदेशी माणसाची गोष्ट, जो साडेपाचशे वर्षांपूर्वी असाच पावसाळ्यात आपल्या जुन्नरला येऊन अडकला होता.

त्याचं नाव अफनासी निकितीन. रशियातल्या व्होल्गा नदीकाठच्या त्वेर शहराचा व्यापारी. कुठल्या राजाचा वकील नाही, धर्मप्रचारक नाही, सैन्यातला नाही. १४६० च्या दशकाच्या उत्तरार्धात तो माल घेऊन नदीने खाली निघाला. विचार होता कॅस्पियन समुद्रापलीकडे शिरवानला (आजचं अझरबैजान) जाऊन व्यापार करायचा आणि परत यायचं. हिंदुस्थान त्याच्या डोक्यातही नव्हता. पण आस्त्राखानजवळ तातारांनी लुटलं. माल गेला. सोबतची धर्माची पुस्तकंही गेली, आणि या पुस्तकांची चुटपुट त्याला शेवटपर्यंत लागून राहिली.

लुटले गेलेले व्यापारी शिरवानच्या शहाकडे गेले, परतीपुरता खर्च तरी द्या म्हणाले. शहाने दिला नाही. तिथून त्यांची पांगापांग झाली. ज्यांचं गावी काही शिल्लक होतं ते परत गेले. ज्यांच्यावर कर्ज होतं त्यांना परतायला तोंड नव्हतं. ते वाट फुटेल तिकडे गेले. निकितीन या दुसऱ्यांमधला. आज आपण 'सोलो ट्रॅव्हल' म्हणतो, त्याच्या मुळाशी इथे कर्ज होतं.

मग दरबंद, बाकू, समुद्र ओलांडून इराण. सारी, आमोल, काशान, यझ्द अशी गावं करत, कुठे महिना तर कुठे त्याहून जास्त मुक्काम करत तो होर्मुझ बंदरात पोचला. तिथे त्याला कळलं की हिंदुस्थानात चांगल्या घोड्यांची पैदास होत नाही, समुद्रापलीकडून नेलेल्या घोड्याला तिथे मोठी किंमत येते. माहिती खरी होती. बहमनी आणि विजयनगर दोघांनाही घोडे लागत, आणि ते अरबस्तान-इराणहून जहाजाने येत. निकितीनने जवळचं होतं-नव्हतं ते एका घोड्यात घातलं आणि जहाजात बसला. मस्कत, दीव, खंबायत करत उतरला आपल्या कोकणात, चौलला. हे वास्को द गामाच्या जवळपास तीस वर्षं आधीचं. रेवदंड्याला त्याच्या नावाचा स्मृतिस्तंभ आहे, अलिबागकडे गेलात तर बघून या.

चौलच्या लोकांबद्दल त्याने लिहिलंय: अंगावर कपडे कमी, डोकं उघडं, केसांची एक वेणी. आणि लगेच पुढे, मी जाईन तिकडे माझ्यामागे माणसांची रांग, गोऱ्या माणसाचं त्यांना नवल! म्हणजे तो त्यांच्याकडे बघतोय आणि ते त्याच्याकडे. स्टँडवर त्या सायकलवाल्याभोवती जमलेली गर्दी बघून मला आधी हेच आठवलं.

चौलहून पाली आठ दिवस, पुढे उमरी दहा दिवस, तिथून जुन्नर सहा दिवस. चोवीस दिवस, सोबत घोडा. जुन्नरला पोचला आणि पावसाळा लागला. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असं तो लिहितो. जुन्नरकरांना हे वेगळं सांगायला नको! याच दिवसांत इथे नांगरणी-पेरणी चालते हे त्याने टिपलंय. घोड्याला काय खायला घालतात हेही टिपलंय: कडधान्य, आणि साखर-तेल घालून शिजवलेली खिचडी. 'खिचडी' हा आपला शब्द त्याच्या रशियन लिखाणात जवळपास तसाच आहे. एका माणसापुरत्याच अरुंद वाटेने वर चढाव्या लागणाऱ्या खडकावरच्या ठाण्याचं वर्णनही आहे. वाचताना आपल्याला शिवनेरीच दिसतो.

आणखी एक गोष्ट त्याने लिहून ठेवली. या मुलखात परगावचे व्यापारी उतरायला घरं असतात, तिथल्या बायका त्यांना रांधून घालतात, अंथरूण घालून देतात. म्हणजे अनोळखी माणसाला रात्री छप्पर मिळण्याची सोय या वाटेवर होती, आणि ती सोय बायकांच्या हातावर चालत होती.

आता घोड्याची गोष्ट. जुन्नरचा अधिकारी होता असदखान, बहमनी राज्याचा कारभारी महमूद गवान याच्या हाताखालचा. निकितीन प्रवासात 'खोजा युसुफ खुरासानी' हे नाव लावायचा. हा मुसलमान नाही, रशियन आहे, हे असदखानाला कळलं आणि त्याने घोडा काढून घेतला. सांगितलं, आमचा धर्म घे, घोडाही देतो आणि वर हजार मोहरा देतो. नाही घेतलास तर घोडा माझा, शिवाय हजार मोहरा तुझ्याकडून वसूल करीन. मुदत चार दिवस.

विचार करा. घरापासून हजारो मैलांवर, ओळखीचं कोणी नाही, पाऊस थांबत नाही, आणि सगळी पुंजी असलेला घोडा दुसऱ्याच्या पागेत.

मुदत संपत आली तेव्हा खोजा महंमद नावाचा एक खुरासानी माणूस गावात आला. निकितीनने त्याच्यापुढे हात जोडले, माझ्यासाठी शब्द टाका म्हणाला. खोजा महंमद खानाकडे गेला, बोलला, आणि धर्मांतराची अटही सुटली, घोडाही परत मिळाला. निकितीनने याला देवाचा चमत्कार म्हटलंय. मला विचाराल तर तो एका माणसाने टाकलेला शब्द होता.

कमेंटमध्ये कोणी याचा हिंदू-मुसलमान करण्याआधी सांगतो: घोडा घेणारा मुसलमान होता आणि घोडा सोडवून देणाराही मुसलमान होता. शिवाय सोडवणारा स्वतः खुरासानचा, म्हणजे जुन्नरला परकाच. फरक एवढाच, की एकाने हातात सापडलेल्या परक्या माणसाकडून काय उकळता येईल ते पाहिलं, आणि दुसरा त्याच्या बाजूने उभा राहिला.

पुढे निकितीन बीदरला गेला. तिथल्या सरदारांचा थाट आणि खेड्यातल्या माणसांची गरिबी, दोन्ही त्याने एका दमात लिहिलंय. घोडा विकला, पण वर्षभर त्याला पोसायला झालेला खर्चही लिहून ठेवला. शेवटी व्यापारी माणूस! बीदरमध्ये त्याने आणखी एक गोष्ट केली, जी मला सगळ्या प्रवासात महत्त्वाची वाटते. ओळखी झालेल्या हिंदू लोकांना त्याने खरं सांगून टाकलं: मी युसुफ नाही, अफनासी आहे, ख्रिस्ती आहे. त्यानंतर त्या लोकांनी त्याच्यापासून काही लपवलं नाही. खाणंपिणं, व्यापार, पूजा, घरातली माणसं, सगळं उघडं केलं. इतकं, की शिवरात्रीच्या यात्रेला तो त्यांच्यासोबत श्रीशैलला गेला. इथे चौऱ्याऐंशी पंथ आहेत आणि ते एकमेकांत जेवत नाहीत, लग्न करत नाहीत, असं लिहिणारा हाच माणूस. आपापसात न जेवणाऱ्या लोकांनी एका रशियनाला यात्रेला सोबत नेलं!

त्याचं सगळंच खरं मानू नका. माकडांच्या राजाची आणि त्याच्या फौजेची ऐकीव गोष्टही त्याने लिहिलीय. पण स्वतःवर बेतलेलं त्याने साधेपणाने सांगितलंय.

परतताना तो दाभोळला जहाजात बसला. जहाज भरकटून हबशांच्या किनाऱ्याला लागलं. लुटालूट होणार असं वाटत असताना जहाजावरच्यांनी तांदूळ, मिरी, भाकरी वाटल्या आणि प्रसंग निभावला. पुढे होर्मुझ, तबरीझ, आणि काळ्या समुद्रावरचं त्रेबिझोंद. तिथे हा कोणाचा हेर आहे का म्हणून पत्रं शोधायला त्याचं सामान उपसलं गेलं आणि हाताला लागेल ते चांगलंचुंगलं गेलं. म्हणजे कागदपत्रांचा संशय काही आजचा नाही. अखेर तो रशियाच्या वाटेला लागला, पण त्वेरला पोचलाच नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडे वारला. त्याच्या वह्या १४७५ साली व्यापाऱ्यांनी मॉस्कोला पोचवल्या, म्हणून आज आपल्याला हे माहीत आहे. १९५७ साली ख्वाजा अहमद अब्बास यांनी रशियन दिग्दर्शकासोबत त्याच्यावर 'परदेसी' सिनेमाही काढला. नर्गिस, बलराज साहनी होते त्यात.

आता परत स्टँडवर येतो.

खरं सांगायचं तर तिथे पोचल्यावर मीही आधी मोबाइल काढून फोटोच काढला. बातमी म्हणून. मग लाज वाटली. आमच्या आळीतल्या एका निवृत्त शिक्षिका बाईंना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, "जेवलाय का तो?" घरी ठेवायचं तर फॉर्म तिथेही लागतो, नियम नियम आहे. नेट कॅफेतल्या पोराने पासपोर्ट-व्हिसाचे फोटो घेऊन वीस मिनिटांत नोंदणी आणि फॉर्म केला. पोलीस ठाण्यातही सांगून आलो. तिथल्या साहेबांनी कागद बघितले, बरं म्हणाले, संपला विषय. ज्या झंझटीला तीन लॉज घाबरले ती वीस मिनिटांची होती. सकाळी तो भाकरी-चटणी बांधून घेऊन गेला.

ही गोड गोष्ट म्हणून सांगत नाहीये. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला काय झालं ते विसरू नका. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवर फिरली आणि भिक्षा मागत हिंडणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. ते तर परदेशीही नव्हते. 'हा कोण? लक्ष ठेवा' ही ओळ कुठपर्यंत जाते, ते आपल्या राज्याने बघितलंय.

पाहुणचार आमच्या रक्तात आहे, असं आपण भाषणात म्हणतो. निकितीनची वही तसं म्हणत नाही. त्याच जुन्नरात घोडा काढून घेणाराही होता आणि रांधून घालणाऱ्या बायकाही होत्या. गाव चांगलं की वाईट हे आधी ठरलेलं नसतं. कोणीतरी एक जण पुढे होऊन "मी बोलतो त्यांच्याशी" म्हणतो की नाही, त्यावर ठरतं.

म्हणून दोन कामाच्या गोष्टी. एक, लॉजवाल्या मित्रांनो, परदेशी पाहुण्याचा फॉर्म कसा भरायचा याचं साध्या मराठीत एक पान मी तयार केलंय. मेसेज करा, पाठवतो, हवं तर येऊन दाखवतो. दोन, ग्रुपवर अनोळखी माणसाचा फोटो टाकण्याआधी त्याच्याजवळ जा आणि विचारा, "कुठून आलात? जेवलात का?" भाषा येत नसेल तर हाताने विचारा. समजतं.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, मी आहेच.