आमचा फेणे असा नव्हता: चाहत्यांचं मत पुरावा म्हणून कसं वाचायचं?

'फास्टर फेणे' हा सिनेमा २७ ऑक्टोबर २०१७ ला आला. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार, बनेश फेणेच्या भूमिकेत अमेय वाघ. भा. रा. भागवतांच्या (१९१०-२००१) पुस्तकांतला फेणे म्हणजे फुरसुंगीचा, पुण्यात विद्याभवनात शिकणारा, सायकल दामटणारा किडकिडीत शाळकरी मुलगा. सिनेमातला फेणे मात्र मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी पुण्यात येतो आणि आत्महत्या ठरवल्या गेलेल्या एका मृत्यूचा माग काढतो. त्यामागे सापडतं परीक्षेचं रॅकेट आणि गिरीश कुलकर्णींचा थंड डोक्याचा अप्पा. बालसाहित्यातला नायक असा थेट 'न्वार'च्या शेजारी येऊन बसला.

मग वाद ठरलेलाच. एका गटाचं म्हणणं, फेणेला मोठा केला तिथेच गंमत गेली. दुसऱ्याचं म्हणणं, 'टॉक्' आहे, अन्यायाची चीड आहे, म्हणजे फेणे तोच.

संशोधक म्हणून आपण यात बाजू घ्यायची नसते. मतांना तीन प्रश्न विचारायचे.

पहिला: मत नक्की कशाबद्दल आहे? बऱ्याचदा ते सिनेमाबद्दल कमी आणि शाळेच्या सुट्टीत वाचलेल्या पुस्तकाच्या आठवणीबद्दल जास्त असतं. ज्याच्या मनातला फेणे दूरदर्शनच्या मालिकेतला सुमीत राघवन आहे, त्याची मोजपट्टी आणखी वेगळी.

दुसरा: निर्मात्यांनी या मताचा अंदाज आधीच घेतला होता का? इथे उत्तर पडद्यावरच आहे. दिलीप प्रभावळकर चक्क भा. रा. भागवत म्हणून कथेत येतात. बदललेल्या फेणेला खुद्द लेखकाच्या घरात जागा मिळते. जुन्या वाचकाची समजूत काढण्याचा हा प्रयत्न आहे, असं मी वाचते.

तिसरा: लेबल कोणी लावलं, कधी लावलं? 'फिल्म न्वार' हा शब्द अमेरिकन गुन्हेपटांसाठी १९४६ मध्ये फ्रेंच समीक्षक नीनो फ्रँक यांनी वापरला. ते सिनेमे बनवणारे स्वतःला न्वारवाले म्हणवत नव्हते. म्हणजे हा प्रकारसुद्धा मुळात प्रेक्षकाच्या नजरेतूनच घडलाय. 'फास्टर फेणे'ला न्वार म्हणताना हे लेबल मी लावतेय, हे मलाही लिहावं लागेल.

आता खरी मेख. लिहून मत मांडणारे बहुतेक जण पुस्तकं वाचून मोठे झालेले असतात. २०१७ मध्ये स्वतः प्रवेश परीक्षेची तयारी करणारी, भागवत न वाचलेली सतरा वर्षांची मुलगी या सॅम्पलमध्ये जवळपास नसतेच. सिनेमातली भीती तर तिचीच आहे! पुस्तकातल्या चोर-भामट्यांची जागा परीक्षेने का घेतली, हे तिच्याइतकं कोण सांगू शकेल?

त्यामुळे प्रबंधात 'मराठी प्रेक्षकांना वाटलं' असं सरसकट लिहू नका. कोणत्या वयाच्या, काय वाचलेल्या प्रेक्षकांना, ते लिहा. आणि कोणाचा आवाज मिळाला नाही, त्यासाठीही एक परिच्छेद ठेवा.