बिस्कूपिन

पोलंडच्या उत्तर-मध्य भागातील एक लहान खेडे व प्रसिद्ध पुरातत्त्वीय स्थळ. हे झ्निन शहराच्या दक्षिणेस सु. ८ किमी. वर, बिस्कूपिन सरोवराच्या काठी वसले आहे. हिमयुगातील हिमनद्यांमुळे निर्माण झालेली लांबट सरोवरे व त्यांमधील शेतजमिनी हे या प्रदेशाचे वैशिष्ट्य होय. ‘बिस्कुप’ म्हणजे बिशप. हे खेडे पूर्वी ग्न्येझ्नोच्या आर्चबिशपच्या मालकीचे होते व त्यावरून त्यास हे नाव पडले. इ. स. ११३६ च्या पोपच्या आज्ञापत्रात त्याचा उल्लेख आढळतो. अठराव्या शतकातील पोलंडच्या फाळण्यांत हा प्रदेश प्रशियाकडे गेला आणि पहिल्या महायुद्धानंतर तो पोलंडला परत मिळाला.

गोंसाव्का नदीच्या पात्रात सुधारणा केल्यामुळे सरोवराची पातळी खालावली आणि द्वीपकल्पाच्या काठाशी जुने लाकडी खांब उघडे पडले. १९३३ मध्ये गावचे शिक्षक वालेंती श्वायत्सेर यांनी ते पाहून पॉझनान विद्यापीठातील यूझेफ कोस्त्शेव्हस्की यांस कळविले. पुढील वर्षी कोस्त्शेव्हस्की व झ्जीस्वाफ रायेव्हस्की यांनी उत्खननास प्रारंभ केला. १९३५ पासून दोरखंडाने बांधलेल्या फुग्यातून छायाचित्रेही घेण्यात आली. पाणथळ जमिनीत हवेचा शिरकाव न झाल्याने लाकूड कुजले नव्हते. त्यामुळे संपूर्ण वस्तीचा आराखडाच हाती आला.

ही लुसेशियन संस्कृतीची तटबंद वस्ती होती. लाकडी चौकटींत माती भरून उभारलेला सु. ४६० मी. लांबीचा तट, त्याबाहेर लाटा थोपविण्यासाठी तिरप्या रोवलेल्या खुंटांच्या रांगा, आत तटालगत फिरणारा रस्ता आणि ओंडके अंथरलेल्या ११ समांतर गल्ल्या, अशी तिची रचना होती. १३ रांगांत सु. शंभर घरे होती. ती जवळजवळ एकाच मापाची असून प्रत्येकात दगडी चूल असे. रहिवाशांची संख्या ८०० ते १,००० असावी. ते शेती व पशुपालन करीत आणि ब्राँझचे ओतकाम जाणत. ही वस्ती प्रथम बरीच उत्तरकालीन मानली गेली होती. परंतु वृक्षवलयांच्या अभ्यासावरून निम्म्याहून अधिक ओक लाकूड इ. स. पू. ७३८–७३७ च्या हिवाळ्यात तोडलेले असल्याचे दिसून आले. पुढे सरोवराची पातळी वाढू लागल्याने वस्ती सोडून देण्यात आली, असे मानतात.

या लाकडांवरून विसाव्या शतकात मोठा वाद माजला. कोस्त्शेव्हस्की हे जर्मन पुरातत्त्वज्ञ गुस्टाफ कॉसिना यांचे शिष्य. पुरावशेषांवरून वंश ओळखता येतो, हा गुरूंचा सिद्धांत त्यांनी गुरूंच्याच निष्कर्षांविरुद्ध वापरला व ही वस्ती आद्य स्लाव्हांची ठरविली. जर्मनव्याप्त काळात (१९३९–४५) कोस्त्शेव्हस्की यांना लपून राहावे लागले. एस्एस् संघटनेच्या आनेनेर्बे या संशोधनसंस्थेने हान्स श्लाइफ यांच्या देखरेखीखाली १९४० ते १९४२ पर्यंत येथे उत्खनन केले. जर्मानिक लोकांचे या प्रदेशातील प्राचीन वर्चस्व सिद्ध करणे, हा त्यामागील हेतू होता. गावालाही ‘ऊरश्टेट’ असे जर्मन नाव देण्यात आले. युद्धानंतर पोलिश उत्खनन पुन्हा सुरू होऊन १९७४ पर्यंत चालले व स्लाव्ह मूळस्थानाच्या मताला पुन्हा बळ मिळाले. वस्तुतः येथे एकही लेख सापडलेला नसल्यामुळे या लोकांची भाषा ठरविण्यास आधार नाही. दोन्ही पक्षांचे दावे आता अभ्यासक ग्राह्य धरीत नाहीत.

मूळ स्थळी तटाचा काही भाग, प्रवेशद्वार व घरांच्या रांगा यांची पुनर्रचना केलेली असून जवळच संग्रहालय आहे. १९९४ मध्ये हे स्थळ राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारक म्हणून घोषित झाले. १९९५ पासून येथे पुरातत्त्व महोत्सव भरू लागला. झ्निन–गोंसावा या अरुंदमापी लोहमार्गावर बिस्कूपिन हे स्थानक आहे.