महासाथ आणि बालरुग्णालये

कोविड-१९च्या महासाथीत बालरुग्णालयांतील आजारांचे वेळापत्रक विस्कटले. करोनाने गंभीर आजारी पडणाऱ्यांत मुले मोठ्यांच्या मानाने थोडीच होती; पण नेहमीचे आजार कधी येतील, कोणत्या वयाच्या मुलांना गाठतील, हा वर्षानुवर्षांचा अंदाज चुकू लागला.

याचे सर्वांत लख्ख उदाहरण पश्चिम ऑस्ट्रेलियाचे. तेथे जून ते ऑगस्ट हा हिवाळा आणि आरएसव्ही या विषाणूचाही हंगाम. या आजाराची सुरुवात साध्या सर्दीने होते. दोन-तीन दिवसांत तान्ह्या बाळाच्या बारीक श्वासनलिका सुजतात, पोट उडू लागते, बरगड्यांखालची कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जाते आणि बाळ दोन घोट दूध ओढून दमून तोंड बाजूला करते. खास औषध नाही. प्राणवायू आणि पोटात किंवा शिरेतून पाणी, एवढाच आधार. २०२०च्या हिवाळ्यात मुलांमधील आरएसव्हीचे निदान तेथे ९८ टक्क्यांनी घटले. शाळा उघड्या असूनही हे घडले, हे विशेष. राज्याची सीमा एप्रिलपासून बंद होती, त्यामुळे विषाणूला बाहेरून शिरकाव मिळाला नसावा.

पण सप्टेंबरनंतर, उन्हाळ्याच्या तोंडावर, रुग्ण वाढू लागले आणि ही लाट नेहमीच्या हिवाळी लाटांहून मोठी ठरली. रुग्णांचे मध्यक वय १८ महिन्यांवर गेले. आधीच्या वर्षांत ते साडेबारा महिन्यांपलीकडे गेले नव्हते. हिवाळ्यात हुकलेली विषाणूची गाठ या मुलांना उशिरा पडली होती.

काही आजार मात्र नव्यानेच दिसले. इटलीत बेर्गामोच्या रुग्णालयात आधीच्या पाच वर्षांत कावासाकी आजाराची, म्हणजे लहान मुलांच्या रक्तवाहिन्यांना सूज आणणाऱ्या विकाराची, १९ मुले आली होती. २०२०च्या वसंतात दोनच महिन्यांत तशाच लक्षणांची १० आली. करोनाचा संसर्ग ओसरल्यावर काही आठवड्यांनी ताप, पुरळ, लाल डोळे, हृदयाला सूज असा हा प्रकार पुढे एमआयएस-सी म्हणून ओळखला गेला.

महाराष्ट्रात महासाथीच्या काळात चुकलेल्या लसींची किंमत उशिरा कळली. २०२२च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात गोवराचा उद्रेक झाला आणि मुले दगावली. गोवराच्या लसीची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. उद्रेकात त्याहून लहान बाळेही सापडल्याने, अशा भागांत सहा महिन्यांपासूनच एक जादा मात्रा देण्याची सूचना केंद्राला करावी लागली.