आवाजाची बैठक कोण बोलावतं?

गणपती बसायच्या आधी बीड जिल्ह्यातल्या पोलीस ठाण्यांमध्ये शांतता समितीच्या बैठका होतात. अंबाजोगाई असो, माजलगाव असो की गेवराई, थाट तोच. मधोमध पीआय साहेब, समोर मंडळांचे अध्यक्ष, बाजूला नगरसेवक, मशिदीचे विश्वस्त, दोन-चार पत्रकार आणि मागच्या रांगेत, भिंतीला टेकून, डीजेवाले. मिरवणुकीचा मार्ग, रस्त्यातले खड्डे, महावितरणच्या लोंबणाऱ्या तारा, विसर्जनाची विहीर असे विषय एकेक करून निघतात. आवाजाचा विषय बहुधा चहा आल्यावर. डीजे लावला तर जप्त करू, असं साहेब बजावतात. आम्ही तर लेझीमच लावणार, पण शेजारचं मंडळ ऐकायला पाहिजे, असं प्रत्येक मंडळाचं म्हणणं असतं. मग बिस्किटं येतात.

ज्याच्या खिडकीच्या काचा बेसनं थरथरतात, ज्याच्या घरात ओली बाळंतीण आहे, ज्याचा बाप अंथरुणाला खिळलाय, तो या खोलीत नसतो. त्याला कुणी मुद्दाम वगळलेलं नाही. ही बैठक सुरू झाली तीच मुळी दुसऱ्या कामासाठी.

एकत्र बसून तंटा मिटवायची रीत आपल्याकडे जुनी आहे. गोतसभेत वादी-प्रतिवादी, देशमुख-देशपांडे, पाटील-कुलकर्णी आणि बलुतेदार बसत. ठरलेलं महजरावर लिहून निघे आणि खाली ज्याची त्याची निशाणी पडे. पाटलाचा नांगर, वाण्याचा तराजू. कोण हजर होतं आणि कुणासमोर ठरलं, हे कागदावर राही. गोतसभेचे गोडवे गाण्यात अर्थ नाही, तिथं कुणाच्या शब्दाला किती वजन हे जातीनं आणि वतनानं आधीच ठरलेलं असे. पण एक गोष्ट मान्य करावी लागते: ज्याची तक्रार, त्याला सभेत उभं राहावंच लागे. त्याच्यावाचून सभाच नव्हती.

निजामाच्या राजवटीत बीडच्या माणसाला सभा म्हटलं की आधी परवानगी आठवे. गश्ती निशाण त्रेपन्न या फर्मानानं परवानगीवाचून सार्वजनिक सभा घ्यायला मनाई होती. तिकडे ब्रिटिश मुलखात वाद्यांचा प्रश्न वेगळ्याच वळणावर गेला. १८९३ मध्ये मुंबईत दंगल झाली, त्याच सुमाराला सार्वजनिक गणेशोत्सव उभा राहिला, आणि १८९४ मध्ये पुण्यात दारूवाला पुलाजवळ मशिदीवरून वाजत-गाजत जाण्यावरून मारामारी झाली. तिथून पुढं मिरवणुकीतलं वाद्य ही अधिकाधिक पोलिसांच्या अखत्यारीतली गोष्ट होत गेली. ढोल किती जोरात वाजतो याची सरकारला फिकीर नव्हती. तो कुणाच्या दारासमोर वाजतो, एवढंच बघायचं.

१९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यातलं ३८ वं कलम म्हणूनच मला नवलाचं वाटतं. आसपास राहणाऱ्यांना त्रास होत असेल तर गाणं-बजावणं, वाद्यं, कारखान्याचा खडखडाट थांबवण्याचा लेखी हुकूम पोलीस आयुक्त किंवा अधीक्षक देऊ शकतो, असं त्यात आहे. म्हणजे शेजारी राहणारा माणूस कायद्यानं तेव्हाच ओळखला होता. मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला आणि पुढं हाच कायदा इथंही लागू झाला. पण पोलिसांच्या बैठकीत त्या शेजाऱ्याला खुर्ची मिळाली नाही.

आजच्या समित्यांना जो आकार आहे, तो बऱ्याच अंशी भिवंडीनं दिला. १९७० मध्ये तिथं शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून दंगल पेटली, न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगानं तिची चौकशी केली. १९८४ मध्ये पुन्हा पेटली. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथं पोलीस उपायुक्त म्हणून गेले आणि त्यांनी वस्तीवस्तीत मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही धर्मांची माणसं एका बाकावर. नुसते पुढारी नाहीत, यंत्रमागवाले, दुकानदार, टपरीवालेही. बैठका सणापुरत्या नव्हत्या, एरवीही व्हायच्या, आणि साहेबाइतकाच तिथला शिपाईही महत्त्वाचा होता. कुणाची मोरी तुंबली, कुणाचं पोरगं कुठं बसतं, हे शिपायाला ठाऊक असे. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. पुढं मुंबईतही ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी, सुशोभा बर्वे यांच्या पुढाकारानं मोहल्ला समित्यांचं काम सुरू झालं. आपल्याकडच्या समित्यांनी भिवंडीकडून बाक घेतला, वर्षभर बसायची सवय मात्र तिथंच राहिली.

२००७ मध्ये आर. आर. पाटील गृहमंत्री असताना महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आली. ग्रामसभेतून समिती, पोलीस पाटील सोबत, गाव तंटामुक्त झालं की बक्षीस. बीडच्या खेड्यापाड्यात ‘तंटामुक्तीचा अध्यक्ष’ हे पद अजून मिरवलं जातं. लग्नपत्रिकेत नाव नाही आलं तर त्याच्यावरूनच तंटा होतो. एक गाव एक गणपतीला या मोहिमेनं जोर दिला, त्यामुळं आवाजही आपोआप निम्मा झाला असेल. तरी ते उद्दिष्ट नव्हतं.

आवाजाला आवाज म्हणून मोजायचं नीट ठरलं ते २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत. निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. रुग्णालय, शाळा, न्यायालयाभोवतीच्या, शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेल्या शंभर मीटर परिसरात ५० आणि ४०. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, वर्षातले फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सूट. सर्वोच्च न्यायालयाचा सविस्तर निकाल १८ जुलै २००५ चा. ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं २०१६ मध्ये पोलिसांना आवाज मोजायची यंत्रं घ्यायला लावली आणि तक्रारदाराचं नाव उघड करू नका, असं सांगितलं. हा आदेश हवाच होता. गल्लीत मंडळाविरुद्ध तक्रार करणाऱ्याचं पुढं काय होतं, हे सांगायला नको. पण त्याचा दुसरा अर्थही घ्यावा: त्रास होणाऱ्यानं समोर येऊ नये, फोन करावा आणि गप्प बसावं. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते. हे ज्यानं अंगावर झेललंय त्याच्या तोंडून ऐकायची सोय आपल्या कुठल्याच समितीत नाही.

अशी सोय जगात कुठं झाली हे शोधायला गेलं की विमानतळ लागतात. सॅन फ्रान्सिस्कोचा विमानतळ मालकीनं त्या शहराचा, पण उभा आहे शेजारच्या सॅन मॅटिओ परगण्यात. उत्पन्न एकाचं, गोंगाट दुसऱ्याच्या कौलांवर. १९८१ मध्ये दोघांनी लेखी करार करून एक कायमचं मंडळ नेमलं. आसपासच्या नगरपालिकांचे निवडून आलेले प्रतिनिधी आणि विमानतळाचे लोक त्यात बसतात, विमान कंपन्या आणि केंद्रीय हवाई प्रशासनाचे अधिकारी सल्ल्याला असतात. बैठका वर्षभर चालतात, विषयपत्रिका आधी निघते, मोजमापाचे आकडे मांडले जातात आणि कुणाही रहिवाशाला उठून बोलता येतं. उड्डाणाचा मार्ग बदलायचा अधिकार या मंडळाला नाही, तो केंद्राचा. तरीही चार दशकं ते टिकलं आहे.

फ्रँकफर्टचं टेबल मात्र भिवंडीसारखंच रक्तातून आलं. तिथल्या पश्चिम धावपट्टीसाठी जंगल तोडण्यावरून वर्षानुवर्षं आंदोलन चाललं. १९८४ मध्ये धावपट्टी सुरू झाली, १९८७ मध्ये निदर्शनांच्या वेळी दोन पोलीस गोळीनं मारले गेले. पुढची धावपट्टी बांधायची वेळ आली तेव्हा, १९९८ मध्ये, सरकारनं आधी मध्यस्थीची बैठक बोलावली. भिवंडीत समेट घडला तो माणसामाणसांत. फ्रँकफर्टमध्ये वाटाघाटीच धावपट्टीवर आणि तिच्या आवाजावर झाल्या, रात्रीच्या उड्डाणांना बंदी हवी की नको यावर. म्हणूनच तिथं झोपमोड झालेला माणूस बोलणीतला एक पक्ष ठरला. आपल्याकडं तो अजून फोनवरचा निनावी आवाज आहे.

बीडला विमानतळ नाही. बीड शहरात रेल्वे यायलाच १७ सप्टेंबर २०२५ उजाडला, आणि तो मार्ग मंजूर झाला होता १९९५ मध्ये. विमानतळासाठी जागेची चर्चा मात्र सुरू झाली आहे. विमान खरंच उतरलं तर सॅन फ्रान्सिस्कोचं मंडळ जसंच्या तसं इथं चालायचं नाही. इथला निम्मा गाव दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातो. कारखान्याच्या पट्ट्यात ट्रॅक्टरवरचे टेप जोरात असतात तेव्हा समितीचे सदस्य फडावर, आणि गावात राहतात म्हातारी माणसं. बैठकीची तारीख पावसाळ्यात धरावी लागेल, आणि मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांनाही सदस्य करावं लागेल.

विमानतळाच्या आवाजाचा प्रश्न विचारता येईल असं एक टेबल आज कायद्यानं बंधनकारक आहे. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार विमानतळाआधी जनसुनावणी घ्यावी लागते: तीस दिवसांची नोटीस, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी अध्यक्ष, प्रदूषण नियंत्रण मंडळ संयोजक. बाजूच्या गावात राहणाऱ्या कुणालाही, सातबारा असो वा नसो, बोलायचा हक्क आहे. भूसंपादनाच्या दराची चर्चा तिथं तासन् तास चालेल, ती चालायलाच हवी. पण धावपट्टी कुठल्या दिशेला, रात्री विमानं किती, शाळा आणि दवाखाना मार्गाखाली येतो का, आवाज कोण मोजणार आणि आकडे कुठल्या भिंतीवर लावणार, हे विचारायचीही तीच जागा. ही सुनावणी एकदाच होते. संपताना कामकाजाचा गोषवारा लोकांच्या भाषेत वाचून दाखवावा लागतो आणि त्याच दिवशी त्यावर सही व्हावी लागते. मांडव उठायच्या आत आपला प्रश्न त्यात उतरला की नाही हे ऐकूनच घरी जावं. राहिला असेल तर सही व्हायच्या आधी हात वर करता येतो.