हकालपट्टीतून जन्मलेली व्हॅनगार्ड

१/५
जानेवारी १९७४. अमेरिकेतील ‘वेलिंग्टन मॅनेजमेंट’ या गुंतवणूक कंपनीचे प्रमुख जॉन बोगल यांना भागीदारांनी पदावरून दूर केले. १९६६ च्या विलीनीकरणातून या भागीदारांना बोगल यांनीच कंपनीत आणले होते.

२/५
मात्र कंपनी आणि तिने सांभाळलेले म्युच्युअल फंड कायद्याने वेगळे होते. फंडांचे अध्यक्षपद बोगल यांच्याकडेच राहिले. त्याच बळावर सप्टेंबर १९७४ मध्ये ‘व्हॅनगार्ड’ उभी राहिली. तिची मालकी फंडांची, म्हणजे पर्यायाने गुंतवणूकदारांची.

३/५
अट अशी, की व्हॅनगार्डने केवळ प्रशासकीय कारभार पाहावा. गुंतवणुकीचे व्यवस्थापन करू नये. बोगल यांनी वाट काढली : ‘एस अँड पी ५००’ निर्देशांकाच्या मागोमाग चालणारा फंड. समभाग निवडायचेच नाहीत, तर व्यवस्थापन कसले?

४/५
१९७६ मध्ये उद्दिष्ट होते १५ कोटी डॉलरचे, जमले १.१३ कोटी. ‘बोगल यांचा वेडेपणा’ अशी हेटाळणी झाली.

५/५
वाचलेला खर्च हाच गुंतवणूकदाराचा नफा, हे त्यांचे गणित. २०१९ मध्ये ते निवर्तले, तेव्हा व्हॅनगार्ड सुमारे ५ लाख कोटी डॉलर सांभाळत होती. मालक होण्याचा मोह टाळल्याने तिच्या यशाचा लाभ बोगल यांच्यापेक्षा सामान्य ठेवीदारांच्या पदरी अधिक पडला.